बारा व्होल्टांचा संसार

जुन्या मोटारींच्या संग्राहकांमध्ये एक विलक्षण पक्षपात रूढ आहे. गाडीच्या रंगाची मूळ छटा मिळावी म्हणून जे गृहस्थ महिनोन्महिने परदेशांशी पत्रव्यवहार करतात, चाकावरच्या टोपीचा अस्सल नमुना हाती लागावा म्हणून भंगाराच्या वखारी पालथ्या घालतात आणि आसनाच्या शिवणीत एक टाका नव्या धाग्याचा पडला तरी ज्यांचा जीव खालीवर होतो, तेच गृहस्थ डॅशबोर्डमधला नभोवाणी-संच मात्र निःशंक मनाने उपटून काढतात, त्याच्या जागी कालपरवा बाजारात आलेले एखादे चकचकीत यंत्र बसवतात आणि मूळ संच गॅरेजच्या फळीवर धूळ खात टाकून देतात. प्रस्तुत ग्रंथ म्हणजे त्या फळीवरच्या जिनसांची कैफियत होय. आणि ती मांडण्याचे काम ग्रंथकर्त्यांनी इतक्या साक्षेपाने केले आहे की, प्रस्तावनाकाराला वकिली करण्यापेक्षा प्रकरणाची पार्श्वभूमी तेवढी सांगणेच अधिक शोभावे.

ह्या पक्षपाताचे मूळ आपल्या एका जुन्या समजुतीत आहे. उत्तम नाद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दिवाणखाना येतो. तेथल्या ग्रामोफोनला, भारदस्त लाकडी पेटीतल्या रेडिओला, पुढे आलेल्या स्टीरिओला मानाचे पान मिळते, आणि गाडीतल्या संचाची गणना प्रवासातल्या जुजबी करमणुकीत होते. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहू गेल्यास प्रतवारी नेमकी उलटी करावी लागेल. घरातल्या संचाला २३० व्होल्टांचा अव्याहत पुरवठा, स्थिर मेज, बेताचे हवामान आणि दोन्ही कर्ण्यांच्या बरोबर मध्ये बसलेला निवांत श्रोता ह्या सर्व गोष्टी आयत्या मिळतात. मोटारीतल्या संचाच्या वाट्याला येतात ते आरंभीच्या काळात ६ आणि पुढे १२ व्होल्ट, तेही इंजिन सुरू करताना गपकन खाली येणारे, हाताच्या अंतरावर क्षणोक्षणी उडणाऱ्या ठिणग्या, उन्हात भाजून निघणारा डॅशबोर्ड, खाचखळग्यांचे हादरे, ज्याची नजर रस्त्यावरून हलता कामा नये असा चालक, आणि एका कर्ण्याला खेटून व दुसऱ्यापासून दूर असे ज्याचे आसन कायमचे ठरलेले आहे असा श्रोता. अशा प्रतिकूल मुलखात ज्यांनी संगीताचा अंमल बसवला, त्यांचे कसब अधिक मोलाचे मानले पाहिजे. गाडीतल्या जुन्या संचांकडे शोभेच्या वस्तू म्हणून पाहणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. मोटारीने घातलेल्या एकेका अडचणीला दिलेले उत्तर म्हणूनच ते पाहावेत, असे माझे मत आहे, आणि पुढील विवेचन त्याच धोरणाने केले आहे.

पहिली अडचण ठिणग्यांची. इंजिनातील इंधन पेटवणारी ठिणगी ही स्वतःच एक लहानसे प्रक्षेपण केंद्र असते. तिच्यामुळे उठणारी खरखर संचात शिरली की दूरच्या केंद्राचा क्षीण स्वर तीत बुडून जातो. १९२० नंतरच्या दशकात हौशी मंडळींनी गाड्यांत नभोवाणी-संच बसवण्याचे अनेक खटाटोप केले, परंतु संचातील व्हॉल्व्हच्या प्लेटला लागणारा उच्च दाब पुरवण्यासाठी कोरड्या बॅटऱ्यांचे गाठोडे फळ्यांखाली वागवायचे आणि इंजिन चालू असेतो खरखर ऐकायची, ह्यापलीकडे त्यांतून फारसे निष्पन्न झाले नाही. १९३० च्या जूनमध्ये अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे नभोवाणी-उत्पादकांचे अधिवेशन भरले, तेव्हा शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनचे पॉल गॅल्विन आपल्या स्टुडबेकर गाडीत संच बसवून तेथे दाखल झाले. अधिवेशनात गाळा घेण्याची ऐपत नव्हती; म्हणून गाडी बाहेरच उभी करून आणि संचाचा आवाज मोठा ठेवून त्यांनी जाणाऱ्या-येणाऱ्यांचे लक्ष वेधले व मागण्या नोंदवून घेतल्या. हाच मोटोरोलाचा आरंभ. संचाची किंमत बसवणुकीच्या खर्चासह सव्वाशे डॉलरांच्या आसपास जाई, आणि त्या वेळी फोर्डची नवी मॉडेल ए गाडी पाचशे डॉलरांच्या आगेमागे मिळत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या मागण्या नोंदवणाऱ्यांच्या हौसेची कल्पना येईल. एका सावकाराचे मन वळवण्यासाठी त्याच्या पॅकार्डमध्ये संच बसवला असता तासाभरात गाडीच पेटली, अशीही एक आख्यायिका त्या कंपनीच्या संदर्भात सांगतात. ती खरी असो वा नसो, त्या काळच्या बसवणुकीचे तापमान तिच्यावरून कळते. गॅल्विन ह्यांच्या सहकाऱ्यांमध्ये विल्यम लिअर नावाचा एक तरुण होता. वाचकांनी हे नाव लक्षात ठेवावे.

ठिणगीचा बंदोबस्त स्पार्क प्लगच्या तारांत रोधक घालून आणि डायनॅमोवर कंडेन्सर बसवून झाला. परंतु एरियलचे काय करावे ही बाब त्याहून चमत्कारिक निघाली. त्या काळच्या बंद गाड्यांचे छप्पर मध्यभागी लाकडी पट्ट्या व कापड ह्यांचे असे आणि त्याला आधार म्हणून कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी आतून ठोकलेली असे. तीच जाळी आयते एरियल म्हणून उपयोगी पडली. पुढे १९३५ साली जनरल मोटर्सने अखंड पोलादी छप्पर आणले आणि एका फटक्यात हे एरियल नाहीसे झाले. मग ते पायरीच्या फळीखाली गेले, तेथे चिखलपाण्याने त्याची दुर्दशा झाली, आणि शेवटी गाडीच्या अंगावर उभ्या काठीचे रूप घेऊन ते स्थिरावले. एखाद्या जुन्या गाडीवर नंतरच्या काळातली काठी ठोकलेली पाहून जाणकार संग्राहक हळहळतो, त्यामागे हा इतिहास आहे.

ह्याच सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यात आणि अन्यत्रही चालकाचे चित्त विचलित होते ह्या सबबीवर गाडीतील नभोवाणीला मनाई करावी असे प्रस्ताव पुढे आले होते. ते मंजूर झाले नाहीत. तथापि त्या चर्चेचा एक परिणाम असा की, न पाहता हाताने चाचपून चालवता येईल अशा बटणांची रचना हा संचांच्या घडणीचा मुख्य विषय होऊन बसला. १९३२ साली बर्लिनमध्ये तयार झालेला ब्लाउपुंक्टचा ए.एस. ५ हा संच सुमारे दहा लिटर आकारमानाचा होता व त्याची किंमत ४६५ मार्क होती. एवढा ऐवज डॅशबोर्डमध्ये मावणे अशक्य, म्हणून तो अन्यत्र ठेवून त्याचे नियंत्रण सुकाणूच्या दांड्यावर आणून बसवले होते. सुकाणूवरच्या बटणांचे आज जे कौतुक चालते ते करणाऱ्यांनी हा दाखला अवश्य पाहावा. युद्धानंतर ह्या दिशेने सर्वांत देखणी मजल मारली ती माक्स एगोन बेकर ह्यांच्या कारखान्याने. १९५३ सालचा बेकर मेक्सिको हा एफ.एम. पट्टा आणि स्वयंचलित केंद्रशोध ह्या दोहोंचा संगम करणारा संच होता. पट्टी दाबली की काटा आपण होऊन सरकतो, पुरेशा बळाचे केंद्र लागले की थांबतो, आणि चालकाची नजर रस्त्यावरून ढळत नाही. मर्सिडीजच्या त्या काळच्या गाड्यांत हा संच मूळ स्थितीत आढळला तर नुसत्या त्याचीच किंमत ऐकून सामान्य संग्राहकाने कपाळाला हात लावावा, अशी सध्या स्थिती आहे.

आता सर्वांत मूलभूत अडचणीकडे, म्हणजे विद्युद्दाबाकडे वळू. व्हॉल्व्हच्या प्लेटला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात; गाडीची बॅटरी देते ६. ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवता येतो, परंतु ट्रान्सफॉर्मरला हवा असतो प्रत्यावर्ती प्रवाह, आणि बॅटरीचा प्रवाह तर एकाच दिशेने वाहणारा. ह्यावर जो तोडगा निघाला त्याचे नाव व्हायब्रेटर. बोटभर उंचीच्या पत्र्याच्या डबीत पोलादाची एक लवचीक जीभ असते. ती सेकंदाला शंभराहून अधिक वेळा इकडून तिकडे थरथरते आणि प्रत्येक खेपेस बॅटरीचा प्रवाह तोडते व उलटवते. असा तुकडे केलेला प्रवाह ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो, तेथे त्याचा दाब वाढतो, आणि मग तो पुन्हा एकमार्गी करून प्लेटला दिला जातो. डबीच्या आत स्पंजाचा थर असूनही तिची गुणगुण ऐकू येतेच. संच सुरू करावा, आधी ही गुणगुण उठावी, मग दहा-वीस सेकंदांनी व्हॉल्व्ह तापून केंद्र हळूहळू वर यावे, हा क्रम ज्याने एकदा अनुभवला त्याला नव्या संचांची तत्काळ बोलण्याची सवय काहीशी उद्धट वाटू लागते.

व्हायब्रेटरचे संपर्कबिंदू झिजत, चिकटत, आणि दुरुस्तीच्या दुकानदारांचा चरितार्थ त्यावर चाले. अमेरिकी गाड्या १९५५-५६ च्या सुमारास १२ व्होल्टांवर आल्या, तेव्हा बारा व्होल्टांवरच भागवणारे खास व्हॉल्व्ह आणि शेवटच्या पायरीवर एक दणकट ट्रान्झिस्टर अशा मिश्र घडणीचे संच निघाले व व्हायब्रेटरला कायमची रजा मिळाली. ह्या मिश्र संचांचे आयुष्य अल्प ठरले. फिल्को कंपनीने क्रायस्लरसाठी केलेला सर्वस्वी ट्रान्झिस्टरांचा संच १९५६ च्या नमुन्याच्या गाड्यांत दीडशे डॉलर जादा भरून घेता येऊ लागला, आणि काही वर्षांतच व्हॉल्व्हचे युग गाड्यांपुरते समाप्त झाले. संग्राहक मंडळी मिश्र संचांकडे दुर्लक्ष करतात, हे मला मंजूर नाही. दोन राजवटींच्या संधिकालातले नाणे नाणकशास्त्रज्ञाला जितके प्रिय, तितकेच हे संच आपल्याला प्रिय असावयास हवेत. शिवाय ते स्वस्तात मिळतात.

केंद्राने जे ऐकवावे ते ऐकण्यापेक्षा स्वतःच्या आवडीचे संगीत गाडीत वाजावे, ही आकांक्षा त्याच वर्षांतली. सी.बी.एस. प्रयोगशाळेच्या पीटर गोल्डमार्क ह्यांनी क्रायस्लरच्या १९५६ च्या गाड्यांसाठी डॅशबोर्डखाली बसणारी चक्क एक तबकडी-पेटी तयार केली. तबकडी सात इंची, गती मिनिटाला १६⅔ फेरे, खाचा केसासारख्या बारीक, त्यामुळे एका बाजूवर पाऊण तासाचे वादन मावे. धक्क्यांनी सुई उडू नये म्हणून केलेली तजवीज खरोखर वाखाणण्यासारखी होती. व्यवहारात मात्र ही योजना कोसळली, कारण ह्या तबकड्या एकाच कंपनीच्या मोजक्या यादीतून घ्याव्या लागत, आणि घरात असलेली एकही तबकडी गाडीत चालत नसे. १९६० च्या गाड्यांसाठी आर.सी.ए.ने साध्या ४५ फेऱ्यांच्या चौदा तबकड्यांची चळत वाजवणारे यंत्र आणले. फिलिप्सच्या मिन्यॉनमध्ये फटीतून एक तबकडी सरकवली की ती वाजे. ही सर्व यंत्रे बाजारात हरली. ग्रंथकर्त्यांनी त्यांना एक स्वतंत्र प्रकरण देऊन त्यांचा योग्य सन्मान केला आहे, आणि माझ्या मते ते ग्रंथातील सर्वोत्तम प्रकरण आहे.

विल्यम लिअर पुन्हा रंगमंचावर येतात ते येथे. एव्हाना विमाने बांधणारे उद्योगपती म्हणून त्यांचा लौकिक झाला होता. कॅलिफोर्नियातील अर्ल मुंट्झ ह्यांनी चार मार्गिकांची अखंड फीत गाड्यांत आणली होती. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन लिअर ह्यांनी १९६४ च्या सुमारास आठ मार्गिकांची पेटी सिद्ध केली आणि फोर्डने ती १९६६ च्या नमुन्यांत बसवण्यास घेतली. ह्या पेटीतील फितीला आदी नाही, अंत नाही: ती गुंडाळीच्या पोटातून बाहेर ओढली जाते, वाचक-शीर्षावरून फिरते आणि गुंडाळीच्या बाहेरच्या वेढ्याला जाऊन मिळते, थर एकमेकांवर सतत घसरत असल्यामुळे तिच्या पाठीला ग्रॅफाइटचे वंगण लावलेले असते. साहजिकच ती मागे फिरवता येत नाही. फितीच्या सांध्यावर धातूची पट्टी असते, ती आली की खट्ट असा मोठा आवाज होऊन शीर्ष पुढच्या मार्गिकांवर सरकते. आणि एखादे गीत त्या सांध्यात सापडले तर ते मध्येच विरते, खट्ट वाजते, व पुन्हा वर येते. रसिकतेच्या दृष्टीने हा अपराधच होय. परंतु चालकाने एका हाताने पेटी खुपसावी आणि पुढे काहीही करू नये, ही सोय इतकी मोठी होती की लक्षावधी लोकांनी तो अपराध दहा-बारा वर्षे पोटात घातला.

फिलिप्सच्या लू ओटेन्स ह्यांच्या चमूने १९६३ साली सादर केलेली कॅसेट वास्तविक ह्याहून अधिक गैरसोयीची वाटावी: फीत जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंद, गती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर. सुरुवातीला ती बोलणे नोंदवण्यापुरतीच योग्य समजली जाई. फिलिप्सनेच १९६८ मध्ये कॅसेट व रेडिओ एकत्र असलेला गाडीचा संच काढला, आणि पुढील दोन दशके हा क्षीण धागा बळकट करण्यात गेली. त्या खटाटोपाचे शिखर म्हणजे जपानच्या नाकामिचीचा टी.डी. १२०० हा डेक. फितीच्या रेषेशी शीर्षाचा कोन रेसभर चुकला तर वरच्या पट्टीतले स्वर मुके होतात. हा डेक चालू गाडीत, प्रत्येक कॅसेटपुरता, तो कोन आपला आपण दुरुस्त करून घेई. घरच्या यंत्रांतही अपवादानेच आढळणारी ही करामत डॅशबोर्डमध्ये कोणी का करावी, असा प्रश्न विचारणाऱ्यांसाठी हा ग्रंथ नाही.

शक्तिवर्धकांविषयी, म्हणजे ज्याला बाजारात नुसते अ‍ॅम्प म्हणतात त्याविषयी, थोडे गणित सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. चालत्या गाडीत १४.४ व्होल्ट मिळतात असे धरले, तर चार ओहमांच्या कर्ण्याला साध्या मांडणीतून कागदावर साडेसहा वॉट जाऊ शकतात. दोन वर्धक उलटसुलट जोडून पुलाची मांडणी केली तर सव्वीस, आणि प्रत्यक्षात अठराच्या आसपास. खोक्यावर काहीही छापलेले असो, ही हद्द निसर्गाने आखलेली आहे. ती ओलांडायची तर दाबच वाढवला पाहिजे. १९७० नंतरच्या दशकात जिम फॉसगेट आणि त्यांच्यासारख्या अमेरिकी कारागिरांनी गाड्यांसाठी जे स्वतंत्र अ‍ॅम्प घडवले त्यांच्या पोटात हेच चालते: ट्रान्झिस्टरांच्या जोड्या बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा तोडतात, ट्रान्सफॉर्मर त्याचा दाब चढवतो, आणि तो पुन्हा एकमार्गी होतो. अर्थात चाळीस वर्षांपूर्वीच्या व्हायब्रेटरने थरथरत्या जिभेने जे केले तेच. दोन पिढ्यांच्या कारागिरांनी एकाच तुटपुंज्या मिळकतीवर तोच संसार पुन्हा थाटला. ज्याला ह्या दोन यंत्रांमधले नाते दिसले त्याला ह्या संग्रहाचे मर्म सापडले, असे मी समजतो.

त्या अ‍ॅम्पांच्या स्पर्धांचा इतिहास तर एखाद्या दरबारी कारस्थानासारखा रंजक आहे. अमेरिकेत १९८० नंतर गाड्यांतील नादाच्या स्पर्धा भरू लागल्या आणि अ‍ॅम्पवर नोंदलेल्या वॉटांनुसार गट पाडले जाऊ लागले. लगेच ओरायन कंपनीचा २२५ एच.सी.सी.ए. अवतरला. अंगावर लिहिलेले वॉट प्रत्येक बाजूला अवघे पंचवीस, तेही चार ओहमांवर. परंतु त्याला अर्ध्या ओहमाचा भार सोसवे. रोध निम्मा केला की शक्ती दुप्पट, ह्या न्यायाने चारावरून अर्ध्यावर येताना ती आठपट होते, आणि पंचवीस वॉटांचा हा गरीब गृहस्थ दोनशेंच्या तोफा डागू लागतो. कायद्याच्या अक्षराला धक्का न लावता त्याचा आशय धुळीस मिळवण्याचे इतके शुद्ध उदाहरण महसुली दप्तरांतही क्वचितच सापडेल.

आपल्याकडची स्थिती निराळी होती. मुंबई-पुणे-नागपूर येथे विविध भारतीचे व्यापारी प्रक्षेपण १९६७ साली सुरू झाले ते मध्यम लहरींवर, देशात एफ.एम.चे पाऊल १९७७ साली मद्रासला पडले आणि गाड्यांत ते खऱ्या अर्थाने घुमू लागले १९९३ नंतर. रेडिओ बाळगायला टपाल कचेरीतून परवाना घ्यावा लागे आणि मुदत संपली की त्याचे नूतनीकरण करावे लागे. परदेशी डेकवर जबर जकात असल्यामुळे आखातातून परतणाऱ्यांच्या सामानातून आलेले जपानी संच फियाट आणि अँबॅसडरच्या डॅशबोर्डमध्ये कानस लावून, पत्रा कापून बसवले गेले. मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार येथे आज जे संच मिळतात त्यांपैकी बहुतेकांच्या तोंडपट्टीवर त्या कानशीच्या खुणा असतात. पुष्कळ संग्राहक असे संच नाकारतात. मी ते आवर्जून घ्यावेत असे म्हणेन, कारण ती खूण हाच आपल्याकडील संचाचा अस्सल दाखला आहे.

जतनाविषयी ग्रंथात सविस्तर मार्गदर्शन आहे. त्यातील तीन गोष्टी उतावळ्या वाचकासाठी येथेच नोंदवतो. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांची धन बाजू सांगाड्याला जोडलेली असे. अशा गाडीतला ट्रान्झिस्टर संच आजच्या रीतीने जोडला तर तो क्षणार्धात प्राणास मुकतो, म्हणून मागच्या बाजूची ध्रुव बदलण्याची खीळ आधी पाहावी. मेणकागदी कंडेन्सर कितीही सुबक दिसले तरी ते बदलल्यावाचून जुन्या व्हॉल्व्ह संचाला वीज देऊ नये. आणि ज्यांना १९८० नंतरचे संच अर्वाचीन म्हणून बिनधोक वाटतात त्यांनी विशेष सावध राहावे. त्या काळच्या बारीक कंडेन्सरांतून पाझरणारा द्रव पटावरच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो, कर्ण्यांच्या कडेचा फोम आपल्या दमट हवेत पिठासारखा झडतो, आणि आठ मार्गिकांच्या पेट्यांतील रबरी चाकाचा तर डिंक होतो. चाळिशीतला संच साठीतल्या संचाहून अधिक आजारी असू शकतो.

ग्रंथकर्त्यांशी माझा मतभेद एकाच मुद्द्यावर आहे. कारखान्याच्या खोक्यातून कधीही बाहेर न निघालेला संच हा संग्रहाचा मुकुटमणी, असे ते मानतात. मला तो अर्धवट वाटतो. गाडीचा बंद डबा मंद्र स्वरांना आपोआप उचलून धरतो, कारण त्या स्वरांची तरंगलांबी डब्याहून मोठी असते; जुन्या संचांचे कर्णे व त्यांची स्वरयोजना हे जमेस धरूनच बेतलेली असे. तोच संच मेजावर ठेवून वाजवला तर तो पोकळ व किरटा वाटणार, आणि ऐकणारा म्हणणार की जुन्या लोकांना नाद कळत नव्हता. याउलट, जुन्या संचाच्या कवचात नवे बिनतारी यंत्र दडवण्याची जी टूम हल्ली निघाली आहे तिच्याविषयी आम्हा दोघांचे मत एकच आहे, आणि ते छापण्याजोगे नाही.

राहता राहिला प्रश्न, दुरुस्त झालेला संच ऐकवणार काय? जर्मनीच्या सार्वजनिक नभोवाणीने २०१५ च्या अखेरीपर्यंत मध्यम लहरींवरची आपली केंद्रे बंद केली. तेथल्या संग्राहकांना आता गॅरेजात वीतभर प्रक्षेपक बसवून स्वतःच्याच संचाला स्वतःच गाणी पुरवावी लागतात. त्याच्या बांधणीचे रेखाचित्र परिशिष्टात दिले आहे. अमेरिकेत केंद्रे शाबूत आहेत, परंतु विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या कित्येक उत्पादकांनी मध्यम लहरींचा पट्टाच काढून टाकला, आणि कारण सांगितले ते असे की मोटरचा प्रवाह तोडणाऱ्या यंत्रणेची खरखर त्यात शिरते. फोर्डने २०२३ साली तसेच करण्याचे जाहीर केले आणि लोकप्रतिनिधींचा आक्षेप आल्यावर तो निर्णय फिरवला. आणीबाणीच्या प्रसंगी सूचना पोहोचवणारे माध्यम गाडीतून काढता येऊ नये, म्हणून तेथे कायद्याचा मसुदाही मांडला गेला आहे. ठिणग्यांनी भरलेल्या इंजिनाशेजारी जी खरखर रोधक आणि कंडेन्सर लावून १९३० साली आवरता आली, ती आज आवरण्याचा खर्च परवडत नाही असे कारखानदार म्हणतात. त्यांच्या हिशेबाची उलटतपासणी ग्रंथकर्त्यांनी शेवटच्या प्रकरणात केली आहे, आणि ती वाचकांनी मुळातूनच वाचावी.